लोखंडी की जर्मन

बाबांनी आधी हिरव्या फ्रेमवर टिचकी मारली, मग काळीवर. वाकून ऐकलं. मग परत हिरवीवर.

"तो काय नारळ आसा ठोकून बघूक?" मी म्हटलं.

"आवाज बगतंय."

"आवाज नाय बगनत. जोड बगतत, वजन बगतत. सरा थयसून."

ते सरले नाहीत. खळ्यात गोणपाटावर त्या दोन फ्रेमी पडल्या होत्या. चाकं नाहीत, हँडल नाही, नुसते सांगाडे. दोन्ही डोंगरातल्या सायकलींच्या. पुढे शॉकअप बसतो, मागे काही नाही, त्याला हार्डटेल म्हणतात. हिरवी क्रोमोली नावाच्या स्टीलची, बारीक नळ्यांची, जुनी पण एकदम सरळ. काळी अल्युमिनियमची, नळ्या मनगटाएवढ्या जाड, पण उचलली की वाटतं आत काही नाहीच. आमच्या गावात अल्युमिनियमला कोणी अल्युमिनियम म्हणत नाही. भाताच्या टोपाला म्हणतात तेच म्हणतात, जर्मन.

"ही जर्मनची," बाबा म्हणाले. "तुझ्या आयेन जर्मनचो टोप दोनदा चेपवलो. तेच्यार मी बसतलंय?"

"टोपाचो जर्मन येगळो, ह्यो येगळो. विमानां करतत ह्येचीं."

"माका खंय विमानान पाव न्हेवचे आसत."

माझे बाबा पाववाले. सदानंद पाववालो म्हटलं की खालपासून वरपर्यंत कुठलंही कुत्रंसुद्धा ओळखतं. पहाटे बेकरीतून पाव, बटर, खारी भरायची आणि वाड्यावाड्यांतून विकत जायचं. खालच्या वाड्यांना डांबरी रस्ता आहे, तिथं कोणीही जाईल. वरच्या वाडीला फक्त घाटी आहे. जांभ्या दगडांची चढण, मधे मधे पायऱ्या, बाजूला काजूची झाडं. रिक्षा जात नाही, स्कूटर घसरते. बाबा तिथं सायकल नेतात. माझ्या जन्माच्या आधीपासून नेतात.

त्यांची जुनी काळी सायकल गेल्या आठवड्यात घाटीत मोडली. हँडलखाली जिथं नळ्या मिळतात तिथं. त्या जागी इतक्यांदा वेल्डिंग मारलं होतं की वेल्डिंगवाला म्हणाला, आता चिकटवायला लोखंडच उरलेलं नाही. तेव्हापासून वरची वाडी पावाशिवाय. बेकरीचा मालक मिहीर, माझ्यापेक्षा थोडाच मोठा, बाबांना म्हणाला होता, "काकानू, सोमवारपर्यंत थांबतंय. मगे रिक्षा देवळापर्यंत पाठवतंय. वरच्यांनी खाली येवन न्हेवचे." खालच्या वाड्यांना रिक्षा कधीच चालली असती. मिहीर बाबांना ठेवून होता तो वरच्या वाडीसाठी. म्हणजे वरची वाडी गेली की बाबांची सगळीच फेरी गेली. हे बाबा बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून जेवताना भात कालवून नुसते बघत बसायचे.

मी धामापूरच्या तळ्याजवळ विनीतकडे काम करते. तो टूरिस्टांना सायकली भाड्यानं देतो, मी त्या दुरुस्त करते. ब्रेक, गिअर, वाकडं झालेलं चाक सरळ करणं, सगळं. बाबांच्या मोडलेल्या फ्रेमीबद्दल मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं मागच्या खोलीतून या दोन काढल्या. "दिवाळीत तू जे काम केलंस त्याच्या बदल्यात एक घे," म्हणाला. "बाकी सामान जुन्यातून जमवू. पण दुसरी मला सोमवारी संध्याकाळी परत पाहिजे. कुडाळचा एक माणूस थांबलाय." विनीत पुण्याचा, त्याला मालवणी कळते पण बोलताना लाजतो.

आणि आज रविवार. यासाठी मी विनीतकडून सुट्टी घेतली होती.

"हातात घेवन बगा," मी म्हटलं. "आदी ही, आता ही. कळला? किलोभर तरी फरक आसा. घाटी चढताना तो किलो खंयच्या खंय जाता. गुडघे तुमचे. रोज सांजचा आई तेल चोळता, माका काय दिसना नाय?"

बाबांनी दोन्ही उचलून बघितल्या. मग हिरवी खाली ठेवली, एकदम हळू, मूल झोपवल्यासारखी.

"जर्मन तुटली तर?"

"इतक्यात नाय तुटणा."

"पण तुटली तर? वेल्डिंग मारून मिळात?"

"मारतत. पण मगे ती जागा नरम पडता. टाकूचीच लागता."

"आणि लोखंडी?"

"ती खंयय जोडून मिळता. वाकली तर सरळ करून मिळता. पण जड आसा आणि गंजता. ह्या खाऱ्या वाऱ्यात तर आतसून गंजता, भायर कळणा नाय."

"आतसून तेल घातला तर?"

"तर नाय गंजणा."

"किती वर्सा टिकात?"

"नीट ठेवली तर तुमच्या जन्माक पुरात."

"माझ्या जन्माचा सोड," बाबा म्हणाले. "तेच्या फुडे?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला राग आला की मला काही कळत नाही. मी म्हटलं, "तेच्या फुडे कोणाक म्युझियमात ठेवूची आसा काय?"

आई दारातून हे सगळं ऐकत होती, हातात सूप. "मी काय म्हणतंय, स्टील कसा गंजतला गो? माझो डबो लग्नातलो. अजून तोंड दिसता तेच्यात."

"आये, ता स्टील येगळा. ह्या येगळा."

"तुझा सगळाच येगळा. जर्मन येगळो, स्टील येगळा. एकच शाळा होती सगळ्यांची, ती पण तुका येगळी होयी होती."

मी हातातली नट आवळायची चावी फेकली. ती माडाच्या आळ्यात जाऊन पडली, कोंबड्या उडाल्या. आई आत गेली. बाबा उठले, आळ्यात उतरले, चावी शोधली, लुंगीला पुसली आणि माझ्या पेटीत जिथली होती तिथं ठेवली. मग परत गोणपाटाशी येऊन बसले.

"लोखंडीच घेवया," म्हणाले.

बाबा कशावरच अडून बसत नाहीत. वरच्या वाडीत आनंदीबाई म्हणून म्हातारी आहे, ती रोज पाव दाबून बघते आणि शिळा आहे म्हणते. बाबा रोज म्हणतात, "होय गो, कालचोच," आणि तिला अजून एक देतात. पाव ताजा असतो, दोघांना माहीत असतं. कुणी औषध आणायला सांगतं, कुणी मुंबईच्या लेकाला फोन लावून द्यायला, वर रेंज एकाच फणसाखाली येते. बाबा सगळं करतात. एखाद्या घरानं पाव जास्त घेतले की त्यांना कळतं, चाकरमानी आलेत. कमी घेतले की कळतं, कुणीतरी आजारी आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते न विचारता खारी देतात, मऊ चहात बुडवून खायला. एवढी सगळी माणसं त्यांच्या डोक्यात आहेत. पण स्वतःच्या घरात त्यांचं मत काय हे मी कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या वर्षी अकरावीत मी शाळा सोडली. सर वर्गात मला काहीतरी बोलले, मी पण बोलले, दप्तर उचललं आणि घरी आले. परत गेले नाही. आईनं दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा तिसऱ्या दिवशी फेरीवरून आले, एक कडक पाव माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पंक्चर काढूक येता तुका?" मला येत नव्हतं. त्यांनी शिकवलं. मग वाडीतल्या पोरांच्या सायकली यायला लागल्या, मग विनीत. शाळेबद्दल बाबांनी आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. त्यांची स्वतःची सायकल मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिली नाही. "माझी मी बगतंय," म्हणायचे.

तर असा माणूस लोखंडी, लोखंडी करत संध्याकाळपर्यंत अडून बसला. मी कितीही बोलले तरी. शेवटी म्हणाले, "देवाक इचारूया."

"कोणाक?"

"रवळनाथाक. सकाळी कौल लावूया."

"देवाक काय म्हायत क्रोमोली म्हणजे काय?"

"देवाक इहीर खंय खणूची ता म्हायत होता. तुझ्या आयेक मागणी घालूची काय नाय ता पण म्हायत होता."

"तेवा खंयची पाकळी पडली?"

"उजवी," आई आतून म्हणाली. "देव पण चुकता कदी कदी."

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. देवासमोर वस्तू ठेवल्याशिवाय विचारायचं कसं, असं बाबा म्हणाले, म्हणून एका खांद्यावर हिरवी, दुसऱ्यावर काळी, मी मधे. खालच्या वाडीतली सुभद्रा काकी झाडू टाकून बघायला लागली.

"काय गो तेजू, देवाक सायकल देतास?"

"देव चलान जावन जावन दमलो," मी म्हटलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार," ती म्हणाली आणि हसत हसत आमच्या मागोमाग आली.

सत्यवान गुरव देवळाच्या पायरीवर मोबाइल बघत बसला होता. आम्हाला बघून उठला, आत गेला, हातपाय धुवून आला. फ्रेमी बघून त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते त्यानं गिळलं. मी बघितलं. ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न मांडतो. उजवी पडली की एक उत्तर, डावी पडली की दुसरं. आमच्याकडे लग्नं ठरतात याच्यावर, मोडतातसुद्धा.

"उजवी लोखंडी, डावी जर्मन," बाबांनी सांगितलं.

सत्यवाननं डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. आवाज एकदम बदलतो त्याचा. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्यो तुझो सदानंद, पाव इकून पोट भरणारो, तुझ्या पायाशी इलो आसा. तेच्यापुढे दोन सायकली आसत, एक लोखंडाची, एक जर्मनची. जी तेच्या संसाराक बरी, ती दाखव. घाटीचो चढ उतार सोपो कर, वाटेर काय आडवा येयत ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. सुभद्रा काकी म्हणाली. मी तोंड बंद ठेवलं.

पाकळ्या हलल्या नाहीत.

आम्ही बघत राहिलो. गाभाऱ्यात तेलाचा वास, बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती. सत्यवाननं पाकळ्या ओल्या करून परत लावल्या, परत गाऱ्हाणं घातलं. यावेळी थोडं लहान. पाकळ्या तशाच. दुपारी त्याला कणकवलीला जायचं होतं, तो सारखा घड्याळाकडे बघत होता. तिसऱ्यांदा लावल्या आणि एकदम बाबांकडे वळला.

"सदा, प्रश्नातच खोट आसा. देवाक नाव व्हया. ह्या सायकलीर बसतलो कोण?"

"सांगल्यास मा तुमी," मी म्हटलं. "सदानंद. आणखी कोण?"

"तुका नाय इचारलंय. सदा, तू सांग."

बाबांनी देवाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. हिरव्या फ्रेमकडे बघितलं.

"चेडू बसतला," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही कुठलं चेडू, कुणाची मुलगी. मग कळलं. देवळात आवाज चढवायचा नसतो हे मला माहीत आहे.

"माका कोण इचारल्यान?"

"इचारतलंय होतंय."

"कदी?"

"सायकल तयार झाल्यार."

"म्हणजे मी ही जोडतलंय, आणि मगे तुमी माका सांगतलास की बस हेच्यार आणि जन्मभर पाव इक? आणि तुमी काय करतलास?"

सुभद्रा काकीनं पदर तोंडाला लावला. मी बोलतच होते, काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मग सत्यवान म्हणाला, "अरे."

देवाच्या दोन्ही खांद्यांवर काही नव्हतं. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या, एकमेकींना चिकटून.

"आदी खंयची पडली?" बाबांनी विचारलं.

"मी तुमच्याकडे बगी होतंय," सत्यवान म्हणाला. त्याला लाज वाटली असावी, कारण लगेच गुरवाचा आवाज काढून म्हणाला, "देव म्हणता, तुमचा तुमी बगा."

मी फ्रेमी उचलल्या आणि चालायला लागले. बाबा मागं राहिले. मला वाटलं मुद्दाम मागं राहिलेत. घरी आले, फ्रेमी टाकल्या आणि मागच्या पडवीत जिथं त्यांची मोडकी सायकल उभी होती तिथं गेले. त्यांना न विचारता ती उलटी केली.

रोज चालणाऱ्या सायकलीच्या दातेरी चक्राचे दात चकचकीत असतात. चेन घासून घासून त्यांना चांदीसारखी चमक येते. विनीतच्या सगळ्या सायकलींचे दात मी बघते, त्यावरून कुठली किती चालली ते सांगते. बाबांच्या सायकलीचे दात तांबूस होते. सगळे. चेन तेलाविना सुकली होती, तिच्यावर गंजाची पूड. टायर मात्र झिजून गुळगुळीत. डाव्या हाताची मूठ पार झिजली होती, उजवी नवीच्या नवी.

म्हणजे चाकं रोज फिरत होती आणि पायडल कुणी मारतच नव्हतं. माणूस डाव्या बाजूला उभा राहून सायकल ढकलत होता.

बाबा आले तेव्हा मी तशीच बसले होते. ते पडवीच्या पायरीवर बसले. बसताना हात टेकला, मग एक पाय लांब केला, मग दुसरा.

"कदीपासना?" मी विचारलं.

"चतुर्थीपासना."

"खालसून वरपर्यंत?"

"खाली पण. डॉक्टर म्हणालो, गुडघ्यात काय उराक नाय, पायडल मारू नको. चल म्हणालो, चालल्यान बरा." लुंगी गुडघ्यावरून खाली ओढली. "चालतंय मी. चालाक काय जाता."

"माका सांगूक काय झाला होता?"

"तू काय केलं असतंस?"

मी काय केलं असतं? ओरडले असते. ते त्यांना माहीत होतं.

"म्हणान लोखंडी," मी म्हटलं. "माका जन्मभर पुरात म्हणान."

"होय. तू खंय गेलंस तरी, खंयय जोडून मिळात. कोणाच्या तोंडाकडे बगूक नको." मग म्हणाले, "आणि तू जर्मन म्हणी होतंस ता माझ्या गुडघ्यांसाठी."

"होय."

"बरा," ते म्हणाले.

आई मागल्या दारातून डोकावली, आम्हा दोघांना बघितलं आणि परत गेली. आईला माहीत होतं. तेल तीच चोळते.

मी उठून खळ्यात गेले. फ्रेमी ऊन खात पडल्या होत्या. हिरवी उचलली. खरं सांगते, फ्रेम म्हणून तीच चांगली होती. बारीक नळ्या, जोड इतके सुबक की बोट फिरवत राहावं. ही सायकल घाटीत खणखणली नसती, दगड गिळला असता हिनं. आणि कधीच मोडली नसती. तिच्याकडे बघताना मला दिसलं की मी पन्नास वर्षांची आहे आणि आनंदीबाईची नात पाव दाबून बघतेय. मला पाव विकायची लाज नाही. मला वर्गात अर्धा तास बसवत नव्हतं, जन्मभर म्हणजे किती ते मला मोजता येत नाही.

मी ती खाली ठेवली, बाबांनी ठेवली होती तशीच, हळू.

"जर्मन," मी म्हटलं.

बाबा लंगडत खळ्यापर्यंत आले होते. "आता कित्याक? तुझे गुडघे काय झाले?"

"ती जन्मभर टिकणा नाय, म्हणान. घाटीत रोज पाव घेवन चालवली तर चार-पाच वर्सांनी खंयतरी तडा जाताच. ह्या जोडाकडे, नायतर ह्या. तेवडी वर्सा मी होय म्हणतंय. फुडचा माका ठाव नाय."

बाबा काळ्या फ्रेमकडे बघत राहिले. मी ज्या जोडांकडे बोट केलं होतं तिथं त्यांनी हात फिरवला.

"तुटली की तू मोकळी."

"होय."

"आणि नाय तुटली तर?"

"तर बगूया."

"वायच आपटत धोपटत चालय मगे," बाबा म्हणाले, आणि हसले. खूप दिवसांनी त्यांचे पानानं लाल झालेले दात दिसले.

"आणि शनिवार-रविवार माका विनीतकडे जावचा लागता," मी म्हटलं. "टूरिस्ट तेवाच येतत. त्या दोन दिसांनी फेरी तुमची. ढकलत न्हेवा. हलकी आसा, एका हातान जायत."

ते आत गेले आणि आईला म्हणाले, "गो, शनिवार-रविवार माझे," आणि आई म्हणाली, "काय तुमचे?" आणि ते म्हणाले, "हेच, फेरी."

दुपारी हिरवी विनीतला परत दिली. कुडाळचा माणूस आला होता, त्यानं तिच्यावरून हात फिरवला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. विनीतनं विचारलं, "अॅल्युमिनियम का? तुला तर स्टील आवडतं." मी म्हटलं, "आवडतं म्हणूनच." तो डोकं खाजवत राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून सायकल जोडली. शॉकअप एका भाड्याच्या सायकलीचा, चाकं दुसरीची, पाववाल्याचा भोंगा बाबांच्या जुन्या सायकलीचा, कॅरियर पण तिचाच, पावाची टोपली बसेल असा वाकवून. संध्याकाळी मिहीरला फोन केला, रिक्षा लावू नको.

पहिला दिवस वाईट गेला. घाटीत दोनदा उतरले, खारी निम्मी मोडली, आनंदीबाईनं पाव दाबला आणि म्हणाली शिळा आहे. मी म्हटलं, "शिळो नाय, आत्ता भट्टीतसून आणलंय." ती दुखावली. माझ्याकडे नाही, माझ्या मागं वाटेकडे बघत राहिली. "सदा खंय?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला शिकवलं काय म्हणायचं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "होय गो, कालचोच," आणि अजून एक दिला. घाटीत एकदाच उतरले. शुक्रवारी उतरलेच नाही.

शनिवारी बाबांची पाळी. पहाटे उठून त्यांनी दाढी केली. मी टोपली बांधून दिली, ब्रेक बघितले आणि म्हटलं, "बसू नकात हां. डॉक्टर काय म्हणालो?"

"कोण बसता," ते म्हणाले.

विनीतकडे मला नऊला पोचायचं होतं. पण माझा विश्वास नव्हता, म्हणून काजूंमधून, वाट सोडून, त्यांच्या मागं मागं गेले. ते खरंच एका हातानं ढकलत होते. दुसरा हात मोकळा होता, तो पाठीमागं ठेवला होता, फिरायला निघालेल्या माणसासारखा. पायऱ्यांवर थांबायचे, चाक उचलायचे, परत निघायचे. घाई नाही. मी काजूच्या आड उभी राहायची, ते पुढं गेले की निघायची.

चढ संपतो तिथं एक फणस आहे. तिथून वाडीपर्यंत वाट अगदी थोडी उतरती आहे, पाणी सांडलं तर हळूहळू वाहत जाईल इतकी. फणसाखाली बाबा थांबले. लुंगी सोडून नीट बांधली. केसांवरून हात फिरवला. मग सायकल फणसाला टेकवून वाकडी केली, दोन्ही हातांनी उजवा पाय धरून सीटवरून पलीकडे टाकला आणि बसले.

माझ्या तोंडात हाक आली होती.

सायकल आपोआप सुटली. बाबा ताठ बसले होते, दोन्ही पाय पायडलवर, आणि पायडल फिरत नव्हते. वरच्या वाडीच्या पहिल्या घराशी त्यांनी भोंगा वाजवला, दोनदा, आणि दार उघडून आनंदीबाई बाहेर आली.